कुलूप बँकेचं, थकबाकी कुणाची?

प्रश्न: आम्ही डोंबिवली पूर्वेला राहत होतो. यजमानांचं दुकान बंद पडलं आणि गृहकर्जाचे हप्ते थकले. कर्ज दोघांच्या नावावर आहे. २२ महिन्यांपूर्वी बँकेने तहसील कार्यालयाची माणसं आणि पोलीस आणून तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर ताब्यात घेतलं आणि दाराला सील लावलं. त्यानंतर दोन लिलाव झाले, दोन्ही वेळा बोली लावायला कुणी आलं नाही. आम्ही आता बदलापूरला भाड्याने राहतो. सोसायटीने १,०३,०१९ रुपयांची मागणी पाठवली आहे. महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल शास्तीसह आलं आहे. बाल्कनीत पाणी साचून डास झाले म्हणून आरोग्य विभागाची नोटीस आली, आणि खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात की तुमच्या संडासातून आमचं छत गळतंय, ३५,००० रुपये द्या. घर आमचं राहिलेलं नाही, आत पाय ठेवायची परवानगी नाही. मग हे सगळं आम्ही का भरायचं?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य आधी बाजूला ठेवूया. ‘घर आमचं राहिलेलं नाही’ हे खरं नाही, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी कोर्टात दावा न लावता तारण विकायची मुभा बँकेला देणाऱ्या कायद्याखाली, बँकेने ताबा घेतला की घराची मालकी बँकेकडे जात नाही. बँकेला मिळतो तो ताबा आणि विक्री करण्याचा अधिकार. लिलाव होऊन, पूर्ण रक्कम भरली जाऊन, खरेदीदाराच्या नावाने विक्री प्रमाणपत्र निघेपर्यंत मालक तुम्ही दोघंच. सोसायटीच्या नोंदवहीत सभासद म्हणून नाव तुमचं आणि महापालिकेच्या कर खात्यातही तुमचंच. म्हणून कागद तुमच्याकडे येतात. पण या कागदांतला प्रत्येक रुपया तुमचा नाही, आणि ज्या कामासाठी दाराची किल्ली लागते त्या कामाची जबाबदारी तर नाहीच.

ताबा दोन प्रकारचा असतो. सांकेतिक ताब्यात दारावर नोटीस चिकटते, वर्तमानपत्रांत छापली जाते, पण कुटुंब आतच राहतं. तेव्हा देखभाल, गळती, कर, सगळं राहणाऱ्याचं. तुमच्याकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावरून कलम १४ खाली प्रत्यक्ष ताबा घेतला गेला आहे. इथे चित्र बदलतं. सिक्युरिटी इंटरेस्ट (एन्फोर्समेंट) रूल्स, २००२ मधल्या नियम ८ चे उपनियम ३ आणि ४ वकिलाकडून मागून वाचा. प्रत्यक्ष ताबा घेतल्यावर बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने त्या मालमत्तेची काळजी एखादा समंजस मालक घेईल तितकी घ्यायची, तिचं जतन आणि संरक्षण करायचं आणि गरज असेल तर विमाही उतरवायचा, असं तिथे लिहिलेलं आहे. ही काळजी विक्री होईपर्यंत घ्यायची आहे. बहुतेक कर्जदारांना हा नियम माहीत नसतो, आणि शाखेतही तो आपणहून कुणी सांगत नाही.

याची दुसरी बाजूही जाणून घ्या. सरफेसीच्या कलम १३(७) प्रमाणे बँकेने योग्य रीतीने केलेला खर्च तुमच्याकडूनच वसूल होतो. पहारेकरी, मूल्यांकन, जाहिरात, दुरुस्ती हे सगळं विक्रीच्या पैशातून आधी वळतं होतं, मग कर्ज, आणि उरलं तर तुम्हाला. म्हणजे दुरुस्ती बँकेने केली तरी ती फुकट नाही. तरीही ती बँकेकडून करून घेणंच तुमच्या फायद्याचं आहे. गळकं, शेवाळलेलं घर राखीव किमतीलाही जात नाही, आणि विक्रीतून कर्ज फिटलं नाही तर उरलेल्या रकमेसाठी बँक कलम १३(१०) खाली तुमच्यामागे येऊ शकते. खर्चाचा तपशील मात्र बाबवार मागा. कायद्यातला ‘योग्य रीतीने’ हा शब्द तुमच्या कामाचा आहे.

आता सोसायटीची मागणी. मासिक देखभाल ३,२०० रुपये धरली तर २२ महिन्यांचे ७०,४०० होतात. हे तुमचं देणं आहे. घर बंद आहे म्हणून लिफ्ट, वॉचमन, निक्षेप निधी (सिंकिंग फंड) यांत सूट मागता येत नाही. व्याज सोसायटीच्या नोंदलेल्या उपविधीत असेल त्या दराने. जुन्या आदर्श उपविधींत ते जास्तीत जास्त दरसाल २१ टक्के आहे आणि ते सरळ व्याज आहे, चक्रवाढ नाही. २१ टक्क्यांनी ३,२०० रुपयांवर एका महिन्याचं व्याज ५६ रुपये. पहिल्या महिन्याच्या बिलावर २१ महिन्यांचं, दुसऱ्यावर २० महिन्यांचं, असं शेवटपर्यंत मोजलं तर २३१ महिने भरतात. २३१ गुणिले ५६ म्हणजे १२,९३६. एकूण ८३,३३६ रुपये. मग १,०३,०१९ कुठून आले?

आकडा उलटा मोजला तर तो असा जुळतो: बिनभोगवटा शुल्क दरमहा ३२० प्रमाणे ७,०४०, ‘बंद घर दंड’ दरमहा ५०० प्रमाणे ११,०००, आणि व्याजावर व्याज लावल्याने १,६४३. बिलाचा तपशील मागवून हे ताडून पाहा. तिन्ही बाबी असतील तर तिन्हींवर हरकत घ्या. बिनभोगवटा शुल्क सभासदाने घर भाड्याने दिलं असेल तर लागतं, सील लागलेल्या घराला नाही. ते लागू असतं तरी सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, पूर्ण बिलाच्या नव्हे. ‘बंद घर दंड’ कोणत्या उपविधीखाली आणि कोणत्या सर्वसाधारण सभेच्या ठरावाने लावला, ते लेखी विचारा. चक्रवाढ बहुतेक वेळा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे होते. मागची थकबाकी आणि मागचं व्याज एकाच रकान्यात पुढे ओढलं जातं, आणि कमिटीच्या ते लक्षातही येत नाही.

हे पत्र टाळू नका, कारण सोसायटी सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी जाऊ शकते. दाखला निघाला तर वसुली फक्त या घरापुरती राहत नाही, तुमच्या दुसऱ्या मालमत्तेपर्यंतही पोहोचू शकते. सुनावणीची नोटीस मिळते. त्या दिवशी हजर राहून वरचा हिशेब कागदावर मांडा. एकदा दाखला निघून गेला की आकड्यावर वाद घालणं फार महाग पडतं.

मालमत्ता करावर शास्ती दरमहा २ टक्के लागते. १०,००० रुपये थकले तर वर्षाला २,४०० रुपये. सोसायटीच्या व्याजापेक्षा हे जास्त आहे. म्हणून हातात थोडेच पैसे असतील तर ते आधी कराकडे वळवा, त्यातही आधी मूळ कराकडे. महापालिका अधूनमधून अभय योजना आणतात आणि शास्तीचा मोठा भाग माफ करतात. प्रभाग कार्यालयात चौकशी करत राहा, पण पुढच्या योजनेच्या भरवशावर चालू वर्षाचं बिल थकवू नका. कर त्या घरावरचा बोजा असतो, खरेदीदार तो किमतीतून वजा करूनच बोली लावतो.

डासांच्या नोटिशीचं उत्तर मात्र वेगळ्या दिशेने द्यायचं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येत ताबा असलेला गहाणदारही धरला आहे. म्हणजे या नोटिशीपुरती बँकही मालक ठरते. प्रभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना एक पानी पत्र द्या. त्यात ताब्याची तारीख, कलम १४ च्या आदेशाचा क्रमांक, प्राधिकृत अधिकाऱ्याचं पद आणि शाखेचा पत्ता लिहा, ताब्याच्या नोटिशीची प्रत जोडा आणि ‘घराची किल्ली आमच्याकडे नसल्याने नोटीस बँकेवरही बजावावी’ अशी विनंती करा. पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसेल तर पत्र दिलंच नव्हतं असं धरलं जातं. दंडाचा कागद नंतर तुमच्या नावाने आला, तर तुमच्या हातात पुरावा हाच.

आता गळती. या एका मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण इथे काकांचं म्हणणं तपासण्यासारखं आहे. तुमच्या घरातला संडास २२ महिने कुणी वापरलेला नाही. सांडपाण्याच्या नळीतली गळती वापर असेल तरच होते. न वापरलेल्या संडासातून गळण्याजोगं पाणी येणार कुठून? उरतात तीन शक्यता. पहिली, भिंतीतली पाणीपुरवठ्याची नळी. गच्चीवरच्या टाकीचा दाब या नळीत रात्रंदिवस असतो. घरात कुणी नसलं तरी फुटलेल्या जोडातून किंवा न थांबणाऱ्या फ्लश टाकीतून पाणी झिरपत राहतं. दुसरी, डक्टमधली उभी सामायिक नळी. तिच्यात वरच्या मजल्यांचं सांडपाणी येतं, आणि ती सोसायटीची जबाबदारी आहे. तिसरी, बाहेरची भिंत आणि बाल्कनी. तिथून पाणी येत असेल तर ते पावसाळ्यात वाढतं, उन्हाळ्यात सुकतं.

हे ओळखायला दार उघडावं लागत नाही. बहुतेक इमारतींत टाकीतून प्रत्येक घराकडे उतरणाऱ्या नळीला गच्चीवर वेगळा व्हॉल्व असतो. सेक्रेटरींना लेखी विनंती करून तुमचा व्हॉल्व आठ ते दहा दिवस पूर्ण बंद ठेवा. काकांनी रोज त्याच वेळी छताच्या त्याच जागेचा फोटो काढावा. गळती थांबली आणि डाग सुकू लागला तर दोष तुमच्या पुरवठ्याच्या नळीत आहे. मग व्हॉल्व कायम बंद ठेवला की पुढचं नुकसान तिथेच थांबतं. गळती तशीच राहिली तर चौथ्या मजल्यावरच्या संडासात रंगीत पाणी ओता. काकांकडे तो रंग उतरला तर सामायिक नळी किंवा वरचं घर. पाऊस पडल्यावरच डाग ओला होत असेल तर बाल्कनीचा निचरा तुंबलेला असणार. कबुतरांची विष्ठा आणि पिसं जाळीवर साचतात, पाणी उंबऱ्यापर्यंत चढतं आणि स्लॅबमध्ये मुरतं. तुमचे डास आणि काकांचं छत, दोन्हींचं कारण एकच असायची शक्यता मोठी आहे. ही तपासणी होण्याआधी ३५,००० तर सोडाच, ३,५०० रुपयेही कबूल करू नका. काकांशी बोलणं मात्र तोडू नका. त्यांचं छत खरंच गळतंय, आणि बँकेला लिहिताना त्यांचे फोटो तुमच्या उपयोगाला येतील.

यानंतर मुख्य काम, प्राधिकृत अधिकाऱ्यांना पत्र. शाखा व्यवस्थापकाला नव्हे, ताब्याच्या नोटिशीवर ज्यांची सही आहे त्यांना. मसुदा असा करा:

‘वरील तारण मालमत्तेचा प्रत्यक्ष ताबा आपल्याकडे दिनांक … पासून आहे. बाल्कनीत पाणी साचत असल्याबद्दल महापालिकेची नोटीस आली आहे. खालच्या मजल्यावरील घरात गळती होत असून फोटो सोबत जोडले आहेत. नियम ८(३) व ८(४) नुसार मालमत्तेचे जतन व संरक्षण करणे ही आपली जबाबदारी आहे. तरी ७ दिवसांत आपला प्रतिनिधी, सोसायटीचा पदाधिकारी व आम्ही यांची संयुक्त पाहणी ठेवावी, पंचनामा करून आवश्यक दुरुस्ती करून घ्यावी व मालमत्तेच्या विम्याची प्रत द्यावी. ताबा घेतल्यापासून आमच्या खात्यात नावे टाकलेल्या प्रत्येक खर्चाचा बाबवार तपशील व दोन्ही लिलावांच्या वेळच्या मूल्यांकन अहवालांच्या प्रती द्याव्यात. विलंबामुळे होणाऱ्या नुकसानीची व दंडाची जबाबदारी आम्ही स्वीकारत नाही.’

पत्र पोचपावतीसह पाठवा, ईमेलही करा आणि एक प्रत सोसायटीला द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर उडवाउडवीचं आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्यासाठी शुल्क नाही. बँकेने नवी विक्रीची नोटीस काढली आणि तिच्यात दोष असेल, उदाहरणार्थ मूल्यांकन जुनंच वापरलं असेल, तर कर्जवसुली न्यायाधिकरणात कलम १७ खाली अर्ज करायला ४५ दिवस असतात. तो अर्ज वकिलाशिवाय करू नका.

संयुक्त पाहणीच्या दिवशी आत गेलात की ही कामं उरकून घ्या. फ्लश टाकी रिकामी करा. न्हाणीच्या आणि बेसिनच्या ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असेल, म्हणूनच बंद घरात दुर्गंधी आणि झुरळं येतात. त्यात पाणी भरून वर दोन चमचे खाद्यतेल ओता, पाणी सावकाश आटतं. बाल्कनीची निचरा जाळी मोकळी करून पक्ष्यांची जाळी लावून घ्या. बाहेरच्या भिंतीत पिंपळाचं रोप रुजलं असेल तर मुळासकट काढायला सांगा. गॅस सिलिंडर आत राहिला असेल तर तो त्याच दिवशी बाहेर काढून पंचनाम्यात लिहून घ्या. तुमचं सामान आत असेल तर यादी करून परत मागा. आणि या दिवसाखेरीज कधीही, कुणीही कितीही सांगितलं तरी, सीलला हात लावू नका. गळती थांबवायला कुलूप तोडलं असं सांगून पोलीस केसमधून सुटका होत नाही.

विजेचं मीटर सहसा तळमजल्याच्या मीटर खोलीत असतं, त्यासाठी घरात जावं लागत नाही. वापर शून्य असला तरी स्थिर आकार दर महिन्याला चढत राहतो. बँकेला कळवून महावितरणकडे कायमस्वरूपी वीज खंडित करण्याचा अर्ज द्या आणि सुरक्षा ठेव थकबाकीत वळती करायला सांगा. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मालकाची वीज थकबाकी नियमांनुसार लिलावातल्या खरेदीदाराकडून वसूल करता येते असं म्हटलं आहे. त्यामुळे खरेदीदार आता हे बिल आधी बघतो.

लिलाव दोनदा का फसला, हेही यातूनच कळतं. जाहिरातीत ‘जसे आहे जेथे आहे’ असं छापलेलं असतं, सोसायटी आणि महापालिकेची थकबाकी किती ते लिहिलेलं नसतं. खरेदीदार घर बघायला येतो, गळकं छत आणि सोसायटीचा लाखाचा आकडा ऐकतो, आणि परत जातो. २४ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या सरफेसीच्या कलम २६ई मुळे विक्रीच्या पैशावर नोंदणीकृत तारण असलेल्या बँकेचा हक्क आधी येतो. त्यामुळे सोसायटी लिलाव अडवू शकत नाही, पण सभासदत्व देताना थकबाकीचा प्रश्न उभा राहतोच. म्हणून सोसायटीकडून ८३,३३६ हा दुरुस्त आकडा लेखी घ्या आणि तो बँकेला कळवा. ठरलेला आकडा असला की खरेदीदाराला हिशेब करता येतो.

आमचं स्पष्ट मत, तिसऱ्या लिलावाची वाट बघत बसू नका. नियमांत खासगी करारानेही विक्रीची सोय आहे. तुम्ही स्वतः खरेदीदार शोधा, बाजारभावाच्या जवळची किंमत ठरवा आणि बँकेची लेखी संमती घ्या. त्या संमतीशिवाय एक रुपयाचाही इसार घेऊ नका, कारण सरफेसीच्या कलम १३(२) च्या मागणी नोटिशीनंतर तारण घर बँकेच्या परवानगीशिवाय विकता किंवा भाड्याने देता येत नाही. रक्कम थेट कर्ज खात्यात जाईल, सोसायटी आणि कर यांचे धनादेश त्याच दिवशी वेगळे निघतील असा त्रिपक्षीय करार करा. एकरकमी तडजोडीचा प्रस्तावही सोबत ठेवा. थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क कायद्याने लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच दिला आहे. तुमच्याकडे दोन जाहिराती होऊन गेल्या, तेव्हा हक्काच्या भरवशावर न राहता बँकेची संमतीच मिळवावी लागेल.

सोसायटीला आत्ता काही भरता येत असेल तर व्याज वाढणं थांबेल अशा रीतीने भरा: ‘मूळ देखभाल थकबाकीपोटी, इतर आकारणीवरील हरकत राखून’ असं पत्रात लिहून धनादेश द्या. नुसती रक्कम दिली तर ती आधी व्याजात जमा होते आणि मुद्दल तसंच राहतं.

घर विकलं गेलं, मग ते लिलावात असो वा कराराने, की विक्री प्रमाणपत्राची किंवा खरेदीखताची प्रत मागून घ्या. त्या तारखेपर्यंतचं देणं तुमचं, पुढचं नव्या मालकाचं. ती प्रत सोसायटी, महापालिकेचा कर विभाग आणि महावितरण यांना पत्रासोबत द्या, म्हणजे पुढची बिलं तुमच्या नावाने निघणार नाहीत. बँकेकडून कर्ज खात्याचा अंतिम उतारा घेऊन कलम १३(७) प्रमाणे काही शिल्लक निघते का ते पाहा. पैसे बँकेकडे गेले तरी प्राप्तिकराच्या दृष्टीने घर तुम्हीच विकलेलं असतं. तेव्हा त्या वर्षीच्या विवरणपत्रात भांडवली नफ्याचा हिशेब दाखवायला विसरू नका, आणि त्यासाठी मूळ खरेदीखत आणि मुद्रांक शुल्काच्या पावत्या बँकेच्या फाइलमधून आत्ताच झेरॉक्स करून ठेवा.